लिफ्ट तंत्रज्ञांचे फोन दुरून सांभाळायचे आहेत, तर कोणते मानक निवडावे?

आपला प्रश्न मला समजला तो असा. भोसरीत आपली लिफ्टची देखभाल करणारी कंपनी आहे, पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या अनेक सोसायट्यांची वार्षिक कंत्राटे आपल्याकडे आहेत आणि साठेक तंत्रज्ञ दिवसभर दुचाकीवरून फिरत असतात. निम्म्याहून अधिक जणांकडे कंपनीने वेळोवेळी निरनिराळ्या दुकानांतून घेतलेले अँड्रॉइड फोन आहेत, बाकीचे स्वतःचाच फोन वापरतात आणि दोघा सुपरवायझरांकडे कंपनीचे आयफोन आहेत. अलीकडे दोघे नोकरी सोडून गेले. एकाने फोन परत केला, पण त्याचे जीमेल खाते आत राहिल्यामुळे तो रिसेट केल्यावर उघडत नाही. दुसऱ्याने फोन परतच केला नाही, आणि त्यात सोसायट्यांच्या सेक्रेटरींचे नंबर आणि लिफ्ट कंट्रोलरचे पासवर्ड आहेत. आता एक विक्रेता सांगतो की त्याचे सॉफ्टवेअर ‘ओएमए डीएम’ या जागतिक मानकावर चालते, त्यामुळे कोणताही फोन हातात न घेता दुरून ताब्यात येईल. हे खरे मानावे का, कोणते मानक निवडावे आणि लिफ्टवर बसवलेली सिमकार्डाची मॉनिटरिंग यंत्रेही त्याच व्यवस्थेत बसतील का, असे आपण विचारले आहे.

पुण्यातल्या लहान-मध्यम कंपन्यांसाठी मी बरीच वर्षे हेच काम करतो आहे, त्या अनुभवावरून सांगतो. फोनच्या बाबतीत मानक निवडण्याचे काम आपल्याकडे उरलेलेच नाही. ते गूगलने आणि ॲपलने आपापल्या परीने करून ठेवले आहे. आपल्याला ठरवायच्या आहेत त्या दोन गोष्टी. प्रत्येक फोनचा मालक कोण, ही पहिली, आणि तो फोन त्याच्या आयुष्यातल्या कोणत्या क्षणी कंपनीच्या व्यवस्थेत नोंदवला जाणार, ही दुसरी. पुढे फोनवर काय करता येईल आणि काय कधीच करता येणार नाही, हे जवळजवळ सगळे या दोन उत्तरांवर ठरते. सॉफ्टवेअर कोणत्या कंपनीचे हा त्यानंतरचा प्रश्न आहे, आणि तो तुलनेने सोपा आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हेही आधीच मान्य करतो. आपले फोन कोणत्या मॉडेलचे आणि अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीचे आहेत, तंत्रज्ञांना ते खासगी कामासाठी वापरू द्यायचे आहेत की नाही, आणि कार्यालयात या कामाची जबाबदारी घेणारा एक कायमचा माणूस आहे की नाही, यांवर तपशील बदलतील. मूळ विचार मात्र बदलणार नाही.

आता त्या विक्रेत्याच्या दाव्याकडे वळू. ओएमए म्हणजे ‘ओपन मोबाइल अलायन्स’ ही संस्था २००२ मध्ये स्थापन झाली. त्याआधी फोन आणि सर्व्हर यांच्यातल्या देवाणघेवाणीसाठी ‘सिंकएमएल’ नावाची भाषा तयार झाली होती, तिच्यावर ओएमए डीएम (डीएम म्हणजे ‘डिव्हाइस मॅनेजमेंट’, यंत्रे दुरून सांभाळणे) उभे राहिले. कल्पना उत्तम होती आणि आजही शिकण्यासारखी आहे. फोनमधली प्रत्येक सेटिंग एका झाडाच्या फांदीवर बसवलेली असते आणि प्रत्येक फांदीला पत्ता असतो. सर्व्हर एक छोटा सूचना-संदेश पाठवून फोनला जागे करतो, फोन स्वतःहून सर्व्हरशी संपर्क साधतो, आपला निर्माता, मॉडेल आणि ओळख क्रमांक सांगतो, आणि मग सर्व्हर ‘या पत्त्यावरचे मूल्य वाच’, ‘ते बदल’, ‘हे काम चालव’ अशा मोजक्या आज्ञा देतो. फोन प्रत्येक आज्ञेला उत्तर देतो: काम झाले तर २००, तशी फांदीच नसेल तर ४०४, फांदी आहे पण ती आज्ञा तिथे चालत नसेल तर ४०५.

अडचण त्या ४०४ मध्ये आहे. मानकाने बोलण्याची रीत ठरवून दिली, पण झाडावर कोणत्या फांद्या असतील हे शेवटी फोन बनवणाऱ्यावर सोडले गेले. अँड्रॉइडवर काही देशांतल्या दूरसंचार कंपन्यांनी ओएमए डीएमचा वापर आपल्या नेटवर्कच्या सेटिंगसाठी आणि फर्मवेअरसाठी (यंत्राच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरसाठी) केला, पण बाहेरच्या एखाद्या कंपनीला आपल्या कर्मचाऱ्यांच्या फोनवर त्या वाटेने ताबा मिळेल अशी सोय अँड्रॉइडमध्ये नाही आणि आयफोनमध्येही नाही. हे मानक आज ठळकपणे जिवंत आहे ते विंडोजमध्ये. विंडोज १० आणि ११ चे लॅपटॉप दुरून सांभाळले जातात ते याच भाषेत, आणि मायक्रोसॉफ्टच्या इंट्यून या व्यवस्थेत आजही ‘ओएमए-यूआरआय’ असा रकाना दिसतो. आपल्या विक्रेत्याचे वाक्य त्याच्या माहितीपत्रकातल्या लॅपटॉपच्या भागातून आले असावे असा माझा अंदाज आहे. तो खोटे बोलतो आहे असे मी म्हणणार नाही, परंतु तंत्रज्ञांच्या अँड्रॉइड फोनना ते वाक्य लागू होत नाही.

ॲपलने २०१० मध्ये आयओएस ४ बरोबर स्वतःची पद्धत आणली. सांगाडा तोच आहे. ॲपलच्या सूचना-सेवेतून फोनला जाग येते, तो सर्व्हरकडे जाऊन ‘मी मोकळा आहे’ असे कळवतो, एक आज्ञा घेतो, उत्तर देतो आणि पुढची आज्ञा मागतो. एक बारकावा इथे जवळून पाहण्यासारखा आहे. फोन लॉक असेल आणि त्या अवस्थेत आज्ञा पाळता येत नसेल, तर तो ‘आत्ता नाही’ असे उत्तर देतो, आणि सर्व्हरने ती आज्ञा राखून ठेवून नंतर पुन्हा द्यायची असते. नवखा माणूस पडद्यावर हे उत्तर पाहून व्यवस्था बिघडली असे समजतो. प्रत्यक्षात सुपरवायझरने फोन खिशात ठेवलेला असतो, इतकेच. २०२१ पासून ॲपलने या पद्धतीला एक नवे रूप द्यायला सुरुवात केली आहे, ज्यात फोनला अपेक्षित स्थिती एकदाच कळवली जाते आणि ती राखण्याचे काम फोन स्वतः करतो.

अँड्रॉइडची गोष्ट आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची, म्हणून तिच्यावर थोडा अधिक वेळ घालवतो. २०१० मध्ये अँड्रॉइड २.२ बरोबर ‘डिव्हाइस ॲडमिन’ ही सोय आली. कोणतेही ॲप टाकायचे, एका पडद्यावर ‘सक्रिय करा’ दाबायचे, की त्या ॲपला फोन लॉक करण्याचा किंवा पुसण्याचा अधिकार मिळे. ही सोय दुबळी होती, कारण वापरणारा तो अधिकार सेटिंगमध्ये जाऊन काढून घेऊ शकत असे. २०१४ मध्ये अँड्रॉइड ५ ने दोन नव्या चौकटी आणल्या. पहिली ‘डिव्हाइस ओनर’, म्हणजे संपूर्ण फोन कंपनीच्या व्यवस्थेखाली. दुसरी ‘वर्क प्रोफाइल’, म्हणजे फोनमध्ये कामासाठी वेगळा, भिंत घातलेला भाग. जुनी डिव्हाइस ॲडमिनची वाट अँड्रॉइड ९ पासून कालबाह्य ठरवली गेली आणि अँड्रॉइड १० पासून पासवर्डचे नियम, कॅमेरा बंद करणे यांसारखे तिचे महत्त्वाचे अधिकार काढून घेण्यात आले. तरीही या जुन्या वाटेवर चालणारी स्वस्त सॉफ्टवेअर आजही विकली जातात, आणि ‘फोन हातात न घेता ताबा’ हे आश्वासन बहुधा त्यांचेच असते.

म्हणून विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा: संपूर्ण ताब्यासाठी फोन फॅक्टरी रिसेट करावा लागेल का? प्रामाणिक उत्तर ‘हो’ असेच आहे. डिव्हाइस ओनर हा दर्जा फोनला पहिल्यांदा चालू होताना, स्वागताच्या पडद्यावरच देता येतो. एकदा त्यात कोणाचे खाते बसले की तो क्षण निघून जातो. केबल लावून संगणकावरून आज्ञा देण्याचा एक मार्ग आहे, पण तो मुळात चाचणीसाठी आहे, त्यातही आधी सगळी खाती काढावी लागतात, आणि फोन हातात घ्यावा लागतोच. ही अट गैरसोयीची वाटली तरी योग्य आहे. वापरात असलेला फोन कोणीही दुरून, मालकाच्या नकळत पूर्णपणे ताब्यात घेऊ शकला असता, तर ती सोय आपल्याआधी चोरांनी वापरली असती.

ही भीती काल्पनिक नाही. पूर्वी नवे सिम घातले की इंटरनेटच्या सेटिंगचा संदेश यायचा आणि आपण ‘इन्स्टॉल’ दाबायचो, ते आपल्याला आठवत असेल. त्यामागे ओएमएचेच ‘क्लायंट प्रोव्हिजनिंग’ हे मानक होते. २०१९ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिले की सॅमसंग, हुआवे, एलजी आणि सोनीच्या काही फोनवर असा बनावट संदेश पाठवून वापरणाऱ्याची इंटरनेट वाहतूक परक्या सर्व्हरमार्गे वळवता येत होती, कारण संदेश खरोखर दूरसंचार कंपनीकडून आला आहे की नाही याची तपासणी कच्ची होती किंवा नव्हतीच. दुरून सेटिंग बदलण्याच्या कोणत्याही व्यवस्थेत आज्ञा देणारा कोण, हे फोनला निर्विवाद कळले पाहिजे, आणि ती ओळख बसवण्याचा सर्वांत सुरक्षित क्षण म्हणजे कोऱ्या फोनची पहिली सुरुवात.

प्रत्यक्ष काम कसे करावे ते सांगतो. कंपनीचे सगळे फोन टप्प्याटप्प्याने भोसरीच्या कार्यालयात मागवून घ्या. सकाळी हजेरीला येणाऱ्या तुकडीतले काही फोन दर खेपेस घेतले तर कामाचा खोळंबा होत नाही. तंत्रज्ञाला आदल्या दिवशी सांगा की व्हॉट्सॲपचा बॅकअप आणि घरचे फोटो काढून घ्यावेत. त्यानंतर फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचे गूगल खाते स्वतः त्याच्याच हातून काढून घ्या आणि मगच, सेटिंगमधूनच, रिसेट करा. बटणे दाबून बाहेरून रिसेट केले तर फोन जुने खाते मागतो. आपला परत आलेला फोन याच कारणाने अडला आहे. त्या माणसाला विनंती करून एकदा खाते घालून घेणे, किंवा खरेदीचे बिल घेऊन त्या ब्रँडच्या अधिकृत सेवा केंद्रात जाणे, हेच सरळ मार्ग आहेत. एकदा डिव्हाइस ओनर बसला की रिसेटनंतर कोणते खाते चालेल हे कंपनीलाच ठरवता येते आणि ही अडचण पुन्हा येत नाही.

रिसेट झालेला फोन स्वागताच्या पडद्यावर आला की पडद्यावर एकाच जागी सहा वेळा टिचकी मारा. क्यूआर कोड वाचणारा कॅमेरा उघडतो. आपल्या व्यवस्थेने तयार केलेला कोड त्याला दाखवला की फोन वायफायला जोडला जातो, नियंत्रणाचे ॲप उतरवतो आणि पुढचे नियम घेतो. कोडमध्ये वायफायचे नाव आणि पासवर्डही घालता येतो, त्यामुळे प्रत्येक फोनवर तो टाइप करावा लागत नाही. पण तो पासवर्ड कोडमध्ये उघडा असतो, हे लक्षात ठेवा. या कोडचा फोटो व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नका, आणि शक्य असेल तर नोंदणीपुरते वेगळे वायफाय ठेवा.

पुढे नवे फोन घेताना हा खटाटोप टाळता येतो. अँड्रॉइडमध्ये ‘झिरो-टच’ नावाची सोय आहे, तिच्यात अधिकृत विक्रेता विक्रीच्या वेळीच फोनचा आयएमईआय आपल्या कंपनीच्या नावावर चढवतो आणि फोन डब्यातून काढून इंटरनेटला जोडला की स्वतःच आपल्या व्यवस्थेत येतो. कोणी मधेच रिसेट केला तरी पुन्हा तिथेच येतो. अट अशी की फोन त्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घेतलेला हवा. तापकीर गल्लीत किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात स्वस्त मिळाला म्हणून घेतलेला फोन नंतर या यादीत चढवता येत नाही. सॅमसंगच्या ‘नॉक्स’ या स्वतःच्या नोंदणी-व्यवस्थेत मात्र इतरत्र घेतलेले फोनही एका ॲपच्या मदतीने जोडता येतात. खरेदी यापुढे एक-दोन मॉडेलपुरती ठेवा, आणि शक्यतो गूगलच्या ‘अँड्रॉइड एंटरप्राइझ रेकमेंडेड’ यादीतली. काही फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप इतक्या कडकपणे थांबवतात की जुन्या धाटणीचे नियंत्रण-ॲप गप्प होऊन जाते. अशा फोनच्या तक्रारी सोडवण्यात जाणारा वेळ किमतीतल्या फरकापेक्षा महाग पडतो.

स्वतःचा फोन वापरणाऱ्या तंत्रज्ञांच्या बाबतीत माझे मत ठाम आहे: त्यांच्या संपूर्ण फोनवर ताबा मागू नये. तिथे वर्क प्रोफाइल वापरावे. कामाची ॲप छोट्या ब्रीफकेसच्या खुणेसह वेगळी दिसतात, कंपनीला त्या भिंतीपलीकडचे फोटो, संदेश किंवा खासगी ॲप दिसत नाहीत, आणि माणूस सोडून गेला की तेवढाच भाग पुसला जातो. यासाठी फोन रिसेटही करावा लागत नाही. हे तंत्रज्ञांना कार्यालयात बसवून, त्यांच्यापैकी एकाच्या फोनवर प्रत्यक्ष दाखवा. साहेब आपला फोन पाहतात असा समज एकदा पसरला की कोणतीही व्यवस्था टिकत नाही, आणि तो समज दूर करण्याची जबाबदारी कंपनीचीच आहे. तंत्रज्ञ कुठे आहे हे पाहायचे असेल तर कामाच्या वेळेपुरते, लेखी सांगून आणि संमती घेऊनच पाहा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे, आणि कोणती माहिती कशासाठी घेतो हे स्पष्ट सांगण्याची सवय आत्तापासून लावून घेणे कंपनीच्याही हिताचे आहे.

आता एक मर्यादा, जी विक्रेते सहसा सांगत नाहीत. वर वर्णन केलेल्या सगळ्या पद्धतींत सर्व्हर फोनच्या आत हात घालत नाही. फोनला जागे करतो आणि फोन स्वतः येऊन आज्ञा घेतो. तंत्रज्ञ वाकडच्या एखाद्या इमारतीच्या तळघरात, लिफ्टच्या पिटमध्ये उतरलेला असेल किंवा ताम्हिणीच्या बाजूला एखाद्या रिसॉर्टवर गेला असेल, तर रेंज येईपर्यंत आज्ञा वाट पाहत राहते. हे रोजचे आहे आणि त्याने बिघडत नाही. पण पळवलेल्या फोनमधले सिम काढून टाकले आणि वायफाय लावलेच नाही, तर ‘पुसून टाक’ ही आज्ञा त्याला कधीच मिळणार नाही. म्हणून खरे संरक्षण आधीच बसवलेले असावे: किमान सहा अंकी पिन सक्तीचा, थोड्या वेळात आपोआप लॉक, आणि ठरावीक चुकीच्या प्रयत्नांनंतर फोनने स्वतःच माहिती पुसणे. अँड्रॉइड १० पासूनच्या नव्या फोनमध्ये साठवलेली माहिती एन्क्रिप्ट केलेलीच (म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपातच) असते, त्यामुळे पिन चांगला असेल तर हरवलेला फोनही बराचसा सुरक्षित राहतो. कंट्रोलरचे पासवर्ड मात्र संपर्कयादीत किंवा नोट्समध्ये ठेवूच नयेत.

दुर्लक्षित राहणाऱ्या दोन गोष्टी चटकन सांगतो. कार्यालयाच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे इंटरनेटची ये-जा गाळणाऱ्या व्यवस्थेत, गूगलच्या सूचना-सेवेसाठी ५२२८ ते ५२३० आणि ॲपलसाठी ५२२३ हे पोर्ट बाहेरच्या दिशेने उघडे हवेत, नाहीतर कार्यालयातल्या वायफायवर असतानाच फोन आज्ञा उशिरा घेतात. आणि आयफोन दोनच असले तरी ॲपलचे सूचना-प्रमाणपत्र दरवर्षी त्याच ॲपल खात्यातून नूतनीकरण करावे लागते. ते खाते एखाद्या कर्मचाऱ्याचे खासगी असेल आणि तो सोडून गेला, तर प्रत्येक आयफोन नव्याने नोंदवावा लागतो. त्यासाठी कंपनीच्या नावाचे ईमेल खाते उघडा.

इथवरचे एकत्र सांगायचे तर, कंपनीचे अँड्रॉइड फोन रिसेट करून डिव्हाइस ओनर, तंत्रज्ञांचे स्वतःचे फोन वर्क प्रोफाइल, आयफोन ॲपलच्या बिझनेस नोंदणीतून, आणि या तिन्हींना अधिकृत वाटेने हाताळणारे एकच सॉफ्टवेअर. आधी चार-पाच जणांवर महिनाभर चालवून पाहा, आणि त्यांत रेंज नसलेल्या भागात जाणारा एक तरी असू द्या.

लिफ्टवरच्या मॉनिटरिंग यंत्रांचे उत्तर वेगळे आहे. तिथे मानक निवडण्याला खरोखर अर्थ आहे. ओएमएनेच अशा लहान, कमी बॅटरीच्या आणि कमी डेटाच्या यंत्रांसाठी ‘लाइटवेट एमटूएम’ हे मानक तयार केले आणि त्याची पहिली आवृत्ती २०१७ मध्ये आली. त्यात जुन्या झाडाऐवजी अंकांचे सुटसुटीत पत्ते आहेत: वस्तू ३ म्हणजे यंत्राची माहिती, वस्तू ५ म्हणजे फर्मवेअर बदलणे, आणि वस्तू ३ मधला ४ क्रमांकाचा घटक चालवला की यंत्र नव्याने सुरू होते. हे अंक सर्वांसाठी सारखेच असल्यामुळे यंत्र एका कंपनीचे आणि सर्व्हर दुसऱ्याचा, हे इथे खरोखर जमते. यंत्रे नव्याने घेणार असाल तर या मानकाची आणि एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीची अट खरेदीच्या कागदातच लिहा. फोनचे सॉफ्टवेअर आणि या यंत्रांचे सॉफ्टवेअर एकच असावे असा आग्रह मात्र धरू नका.

शेवटी, परत न आलेल्या त्या फोनबद्दल. तो कोणत्याही व्यवस्थेत नोंदवलेला नव्हता, त्यामुळे आता तो दुरून पुसण्याचा मार्ग कंपनीकडे नाही. त्यात असलेले कंट्रोलरचे सगळे पासवर्ड या आठवड्यातच बदला. हे काम नवे सॉफ्टवेअर येईपर्यंत थांबवू नका. त्याच्या कामाच्या ईमेलचा आणि ॲपचा प्रवेश सर्व्हरच्या बाजूने बंद करा. फोन दिल्याची सही असलेला कागद असेल तर वकिलाचा सल्ला घेऊन तक्रार द्या, आणि पोलिसांकडे नोंद झाल्यावर सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून त्याचा आयएमईआय बंद करण्याची विनंती करता येते. पुढे नोंदवलेला एखादा फोन हरवला तर क्रम उलटा होऊ देऊ नका: आधी पुसण्याची आज्ञा पाठवा, ती पोहोचल्याचे उत्तर येण्यासाठी थोडी वाट पाहा आणि मगच आयएमईआय बंद करा, कारण मोबाइल नेटवर्कवरून बंद झालेल्या फोनला ती आज्ञा फक्त वायफायवरूनच मिळू शकेल.